पुठ्ठ्यापासून पोलादापर्यंत

एखाद्या ऑफिसातलं टेबल डोळ्यांसमोर आणा बरं. बँकेतलं असेल, ग्रामपंचायतीतलं असेल, नाहीतर तुमच्या शाळेच्या क्लार्ककाकांचं. काय काय दिसतंय त्यावर? पेनांचा डबा, टाचण्यांची डबी, शिक्का आणि त्याचं पॅड, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पेपरवेट, चहाचा कप. आणि हो, कुठल्यातरी फाईलला टेकवून कसाबसा उभा केलेला मोबाइल! कुणी टेबलाला धक्का दिला, की तो सपकन घसरतो.

त्या मोबाइलसाठी एक साधा स्टँड बनवायचा, असं आपण ठरवू या. ‘त्यात काय एवढं? एक पत्रा घ्यायचा आणि वाकवायचा!’ असंच वाटलं ना? वस्तू साधी आहे, हे खरं. पण साधी वस्तू नीट बनवणं साधं नसतं, बरं का! तिच्यात लपवायला जागाच नसते. एखादी चूक राहिली, की ती रोज दहा वेळा हाताला टोचते.

हे काम शिकायला पिंपरी-चिंचवडसारखी दुसरी शाळा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. मग टेल्को आली, बजाज आली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने भोसरी, चिखली, तळवडे या बाजूला उभे राहिले. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पोचला. आज भोसरीच्या एखाद्या गल्लीत एका गाळ्यात पत्रा कापतात, दुसऱ्यात वाकवतात आणि तिसऱ्यात रंगवतात. तुमच्यापैकी कित्येकांचे बाबा, आई, काका नाहीतर मामा तिथेच काम करत असतील.

यातले बरेचसे लहान कारखाने ‘जॉबवर्क’ करतात. म्हणजे ड्रॉइंग मोठ्या कंपनीचं आणि काम यांचं. पण २०१९ साली गाड्यांची विक्री घटली आणि २०२० मध्ये टाळेबंदी आली. गाड्याच बनेनात, तर त्यांचे भाग कोण घेणार? अशा दिवसांत ज्याच्याकडे स्वतःची एखादी वस्तू असते, त्याला निदान दुसरं दार ठोठावता येतं. म्हणून आपला मोबाइल स्टँड हा काही नुसता खेळ नाही. अशा एखाद्या वस्तूवर चार घरांच्या चुली पेटू शकतात. पण ती वस्तू चांगली निघाली, तरच हं!

नग पहिला : धाडकन!

कारखान्यात वस्तूला ‘नग’ म्हणतात. आपला पहिला नग पुठ्ठ्याचा. बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि ८ सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा. पट्टी दुमडून दोन भाग करायचे. एक भाग टेबलावर आडवा राहील, त्याला बैठक म्हणू. दुसरा भाग मागे कललेला असेल, ती पाठ. दोघांमधला कोन ७० अंशांचा. पाठीवर, घडीपासून ४ सेंटीमीटर अंतरावर, पुठ्ठ्याची एक पट्टी आडवी चिकटवा. मोबाइल बसेल त्या ओट्यावर.

बैठक किती लांब ठेवायची? पुठ्ठा वाचवायला म्हणून ५ सेंटीमीटर ठेवली, असं समजा. मोबाइल ठेवला. उभा राहिला! आता पडद्याच्या वरच्या टोकाला बोट लावा. काय झालं? धाडकन मागे पडला.

असं का झालं? मोबाइल साधारण १६ सेंटीमीटर उंच असतो. त्याचं वजन जणू मध्यावर एकवटलेलं असतं. तो मागे कललेला असल्यामुळे त्या मध्यापासून खाली ओळंबा सोडला, तर तो स्टँडच्या पुढच्या कडेपासून सुमारे ४ सेंटीमीटर मागे टेकतो. बैठक संपते ५ सेंटीमीटरवर. म्हणजे हातात शिल्लक राहिला फक्त १ सेंटीमीटर! ओळंबा बैठकीच्या आत आहे तोवर वस्तू उभी राहते आणि बाहेर गेला की कोलमडते. बैठक १० सेंटीमीटर केली, तर शिल्लक राहते ६ सेंटीमीटर. मग तोच मोबाइल मागे पाडायला निदान सहापट जोर लागेल.

हा झाला दुसरा नग. खर्च किती आला? पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि दहा मिनिटं.

आपण गप्प, हात बोलका

दुसरा नग पडत नाही. झालं का काम? छे! आता सगळ्यात अवघड भाग. स्टँड दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचं.

गप्प का बसायचं? तुम्ही विचारलंत, ‘कसा आहे?’ तर समोरचा म्हणणार, ‘छान आहे हो!’ पाहुणे आपल्या घरच्या भाजीला कधी नावं ठेवतात का? पातेल्यात उरलेली भाजी मात्र खरं सांगते. तसंच इथे माणसाचं तोंड काय म्हणतं त्यापेक्षा त्याचा हात काय करतो, ते बघायचं.

शेजारच्या काकूंना स्टँड द्या आणि पाहत राहा. त्या मोबाइल ठेवतील. मग चार्जरची वायर लावायला जातील. अरेच्चा! वायरीचं भोक तर मोबाइलच्या खालच्या कडेला असतं, आणि तिथे आपला ओटा आडवा आलाय. काकू मोबाइल उचलतील आणि आडवा करून ठेवतील. कुरकुर करणार नाहीत. पण तुम्हाला चूक सापडली!

तिसऱ्या नगात ओट्याचा मधला भाग काढून टाका. दोन बाजूंना दोन बोटं ठेवा, मधून वायर जाऊ द्या. ओटा टेबलापासून वर असल्यामुळे पिनेला खाली जागा मिळते. मग हा नग आजोबांना द्या. त्यांच्या मोबाइलला पाकिटासारखं जाड कव्हर आहे, ते बोटांच्या खाचेत शिरतच नाही. म्हणजे खाच मोठी हवी. घरातले, शेजारचे, दुकानातले मोबाइल कव्हरसकट मोजा. सगळ्यात जाड निघाला १२ मिलिमीटरचा, तर खाच ठेवा १४ मिलिमीटरची. हा झाला चौथा नग.

एक गंमत लक्षात आली का? यातली एकही चूक कागदावरच्या चित्रात दिसली नव्हती. ती दिसली दुसऱ्याच्या हातात वस्तू गेल्यावर.

पिवळ्या चिठ्ठीची गोष्ट

हे काही आपल्यासारख्या नवशिक्यांचंच होतं असं नाही. पुस्तकावर किंवा फाईलवर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांची गोष्ट ऐका.

१९६८ साली अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या शास्त्रज्ञाने एक गोंद तयार केला. तो चिकटायचा, पण पक्का नाही, सहज सुटायचा. असल्या गोंदाचं करायचं काय? बरीच वर्षं कुणालाच सुचेना. १९७४ च्या सुमारास त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गाणी म्हणायला जात असे. पुस्तकात खुणेसाठी घातलेले त्याचे कागदाचे कपटे सारखे गळून पडत. त्याला तो गोंद आठवला. पण खुणेच्या पहिल्या कागदांचा गोंद पुस्तकाच्या पानाला लागून राहायचा. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कागद आणि गोंद यांच्यात सुधारणा केल्या. गोंद कागदालाच धरून राहील आणि दुसऱ्या पानावर डाग पाडणार नाही, असं जमवून आणलं.

एकदा फ्रायने अशाच एका कागदावर प्रश्न लिहून तो वरिष्ठांकडच्या कागदांवर चिकटवला. उत्तरही तशाच चिठ्ठीवर आलं! तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ही पुस्तकातली खूण नाही, ही निरोपाची चिठ्ठी आहे.

१९७७ साली कंपनीने चार शहरांत या चिठ्ठ्या विकायला ठेवल्या. पण लोकांनी पाठ फिरवली. पुढच्या वर्षी बॉइझी नावाच्या शहरात कंपनीने त्या ऑफिसांमध्ये फुकट वाटल्या. वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘आम्ही विकत घेऊ’ असं सांगितलं. १९८० साली त्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. गोंद तयार झाल्यापासून १२ वर्षांनी! दुकानात नुसत्या पाहून ज्या लोकांना कळल्या नाहीत, त्या वापरायला मिळाल्यावर लगेच कळल्या.

आता पत्र्याची पाळी

आपला पुठ्ठ्याचा चौथा नग आता घरातल्या सगळ्यांना चालतोय. मग भोसरीच्या गाळ्यात जाऊ या. पत्रा घेऊ १.२ मिलिमीटर जाडीचा. रुंदी ८ सेंटीमीटर. बैठक १० आणि पाठ १३, मिळून लांबी २३ सेंटीमीटर. वजन किती होईल? ८ × २३ × ०.१२ म्हणजे सुमारे २२ घन सेंटीमीटर. पोलादाच्या एका घन सेंटीमीटरचं वजन असतं साधारण ७.८५ ग्रॅम. गुणाकार करा. सुमारे १७३ ग्रॅम! पाहिलंत, गणिताचं पुस्तक इथेही उपयोगी पडलं.

दोन बोटं वेगळी जोडायची नाहीत. पाठीच्या पत्र्यातच तीन बाजूंनी कापायचं आणि चौथ्या बाजूने बाहेर वळवायचं. वेल्डिंग वाचलं!

पण पत्र्याला स्वतःचा स्वभाव असतो, तो पुठ्ठ्याला नसतो. पहिली गोष्ट, पत्रा वाकवला की थोडा परत उलगडतो. ठरलेल्या कोनापर्यंत वाकवून सोडला, की अंश-दोन अंश मागे येतो. म्हणून कारागीर तो मुद्दाम जरा जास्त वाकवतात. दुसरी गोष्ट अजून मजेदार आहे. १०० मिलिमीटर लांबीची अशी पट्टी काटकोनात वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज करा. १०० भरणार नाही, सुमारे १०२ भरेल! कारण बाहेरून मोजताना कोपऱ्याची जाडी दोन्ही मापांत येते, आणि वळणावर पत्रा थोडा ताणलाही जातो. म्हणून अनुभवी कारागीर आधी एक पट्टी वाकवून बघतो, व्हर्नियरने मोजतो, आणि मगच खऱ्या पत्र्याचं माप ठरवतो.

कापलेल्या पत्र्याच्या कडांना बारीक धारदार बर येते. ती कानशीने घासून काढायची, नाहीतर बोट कापलंच समजा. मग पावडर कोटिंग. पत्र्यावर रंगाची पावडर विजेच्या भाराने चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. रंगाचा थर असतो जेमतेम केसाच्या जाडीएवढा. पण तेवढ्यानेही भोक लहान होतं! खाली रबरी बुटं बसवायला नेमक्या मापाची भोकं पाडली असतील, तर रंगानंतर ती बुटं शिरेनात. म्हणून भोक आधीच जरा मोठं ठेवायचं.

आणि रबरी बुटं कशाला? बऱ्याच ऑफिसांत टेबलावर काच असते. पुठ्ठ्याचा स्टँड काचेवर ओरखडा पाडत नव्हता, म्हणून हा प्रश्न आपल्याला दिसलाच नव्हता. पत्र्याचा स्टँड काचेवर घसरतो आणि ओरखडेही पाडतो. चार कोपऱ्यांना चार बुटं लावली, की काम झालं. हा आपला पाचवा नग.

बघा, आकाराच्या चुका पुठ्ठ्याने दाखवल्या, पण पत्र्याच्या खोडी कळायला पत्राच हवा.

आमटीतलं मीठ

समजा, आपला स्टँड लोकांना फारच आवडला आणि १०,००० नगांची मागणी आली. तेव्हा प्लास्टिकचा विचार होईल. प्लास्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात जोराने दाबतात, थंड होऊ देतात आणि बाहेर काढतात. काही सेकंदांत एक नग! पण तो साचा, ज्याला कारखान्यात ‘डाय’ म्हणतात, तो महाग असतो. लहानशा वस्तूच्या साच्यालाही लाख-दोन लाख रुपये सहज लागू शकतात.

साच्याच्याही तऱ्हा आहेत. कुल्फीचा साचा वर रुंद आणि खाली निमुळता का असतो? कुल्फी सुटून यावी म्हणून! प्लास्टिकच्या वस्तूलाही असाच किंचित उतार द्यावा लागतो. शिवाय प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक १०० मिलिमीटरमागे एक ते अडीच मिलिमीटर आक्रसतं. म्हणून साचा तेवढ्या हिशेबाने मोठा बनवतात.

आता सांगा, आमटीत मीठ आधी कमी घालावं की जास्त? कमी! कमी पडलं तर वरून घालता येतं. जास्त झालं तर काढता येत नाही. साचा बनवणारे असाच विचार करतात, फक्त उलट्या बाजूने. साच्यातलं पोलाद आणखी कोरून काढता येतं, पण काढलेलं परत लावणं फार कठीण. म्हणून ते आधी जरा कमी कोरतात, पहिला नग काढून मोजतात, आणि मग हळूहळू मापावर आणतात.

वायरीची जी चूक काकूंच्या हातात आपल्याला फुकट सापडली, ती साचा तयार झाल्यावर सापडली असती तर? पुठ्ठ्यावर तिची किंमत होती एक तुकडा. पत्र्यावर झाली असती एक-दोन दिवसांची मजुरी. साच्यात झाली असती लाखभर रुपये आणि दोन-चार आठवडे. चूक तीच, पण जितकी उशिरा सापडेल तितकी महाग! लहान कारखानदाराचं पुढचं वर्ष कधी कधी एवढ्यावरच अवलंबून असतं.

म्हणूनच कारखान्यांत एक रीत आहे. मशीनवर नवं काम लावलं, की पहिला नग काढून तपासायचा. तो पास झाल्याशिवाय पुढचे हजार नग काढायचे नाहीत. तुमच्या घरी कुणी कारखान्यात जात असेल, तर आज संध्याकाळी त्यांना ‘फर्स्ट पीस’ म्हणजे काय ते विचारा. त्यांच्याकडे गोष्टी असतील!

ट्रकच्या कारखान्यातून काडेपेटीकडे

स्वस्त सामान हे गरिबांचं सामान नसतं, ते विचार करायचं सामान असतं. अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात, कामाला लागले. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेले. तिथे त्यांना सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या सापडल्या. ट्यूबच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खोचल्या, की सांधा तयार! त्रिकोण, चौकोन, घर, घुमट, सगळं चार-आठ आण्यांत. चुकलं तर काडी काढा आणि दुसरीकडे खोचा. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी बनवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता मधल्या पायऱ्याही सोप्या झाल्या आहेत. काही शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टर नावाची संस्था आहे. लहान कारखान्यांना एकट्याने परवडणार नाही अशी नमुने बनवण्याची आणि तपासण्याची सोय तिथे आहे. पण यंत्र कितीही भारी असलं, तरी वायर कुठून जाणार हे ते आपणहून सांगत नाही. ते सांगणार काकूंचा हात!

करून पाहा

या रविवारी तुम्हीही एक वस्तू निवडा. मोबाइल स्टँड, पेनांचा डबा, नाहीतर पंख्याखाली कागद धरून ठेवणारी एखादी पट्टी. मग असं करा :

१. ही वस्तू नेमकी कुणासाठी, ते आधी लिहा. ‘सगळ्यांसाठी’ असं लिहू नका. ‘दुकानात उभं राहून काम करणाऱ्या मामांसाठी’ असं लिहा. उभ्या माणसाला मोबाइल जास्त कललेला लागतो, हे त्यावरूनच सुचेल.

२. पुठ्ठा, फूटपट्टी आणि गोंद घ्या. कटर चालवताना मोठ्यांना जवळ बसवा.

३. तीन जणांना वापरायला द्या. काही सांगू नका, काही विचारू नका. फक्त बघा आणि वहीत टिपा.

४. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत, तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

५. पाच नग होईपर्यंत थांबू नका.

पालकांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. मुलाने पहिला नग हातात दिला, की ‘वा, छान!’ एवढ्यावर थांबू नका. तो खरोखर वापरा, दोन दिवस. पडला तर पडू द्या, आणि कसा पडला ते मुलाला दाखवा.

आणि हो, बिघडलेले नग केराच्या टोपलीत टाकू नका. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख घाला, काय बिघडलं ते एका ओळीत लिहा आणि एका खोक्यात ठेवा. पुढची वस्तू बनवायला बसाल, तेव्हा आधी ते खोकं उघडा.